मिर्झा गालिब : शाहजहानाबादच्या वाटा आणि एक पत्रलेखक

१

मिर्झा असदुल्लाखान गालिब याच्या चरित्राचा विचार आपल्याकडे बहुधा दोन अंगांनी होत आला आहे. एक अंग त्याच्या गझलेतील चिंतनाचे, आणि दुसरे अठराशे सत्तावनच्या प्रलयातून गेलेल्या एका सरदारी जीवनाचे. मराठी वाचकांना सेतुमाधवराव पगडी यांच्यासारख्या अभ्यासकांमुळे या दोन्ही अंगांचा परिचय आहे. तथापि गालिबच्या आयुष्याला आणखी एक अंग आहे, आणि त्याकडे वाङ्मयेतिहासकारांचे लक्ष त्या मानाने कमी गेले आहे. ते म्हणजे त्याचे शहर. आणि शहर म्हणजे केवळ राजधानी, दरबार वा संस्कृती या अर्थाने नव्हे, तर घरापासून घरापर्यंत जाणाऱ्या वाटांची एक रचना या अर्थाने.

शहर वाढते तेव्हा त्याचे रस्ते केवळ लांब आणि रुंद होत नाहीत. कोणती वाट कोणत्या वाटेला मिळते, कोणता बोळ पुढे बंद होतो, कोणत्या फाटकातून कोणाला आत येऊ दिले जाते, या सगळ्याची पुनर्मांडणी होते. काही ठिकाणे एकमेकांच्या जवळ येतात आणि काही कायमची दुरावतात. नगररचनेचे अभ्यासक चौक मोजून आणि बंद बोळ मोजून या जोडणीचा हिशेब मांडतात. परंतु त्या हिशेबातून त्या वाटांवरून चालणाऱ्या माणसाचे काय झाले हे कळत नाही. ते कळण्यासाठी एखाद्या चरित्राचाच आधार घ्यावा लागतो. दिल्लीच्या बाबतीत असे चरित्र गालिबचे आहे. पन्नासहून अधिक वर्षे तो या शहरात राहिला, आणि तेवढ्या अवधीत त्याने शाहजहानाबादची जुनी जोडणी तिच्या भरात पाहिली, ती मोडताना पाहिली आणि तिच्या जागी दुसरी उभी राहतानाही पाहिली. उर्दू गद्याला त्याने जी पत्रे दिली त्यांचा या अनुभवाशी असलेला संबंध तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

गालिबचा जन्म आग्र्यास २७ डिसेंबर १७९७ रोजी झाला. त्या वेळी आग्रा आणि दिल्ली ही दोन्ही शहरे शिंद्यांच्या अमलाखाली होती. महादजींनी शाह आलम बादशहास १७७२ मध्ये दिल्लीस परत आणून बसविले होते, आणि पुढे १७८८ पासून दिल्लीवरील मराठ्यांची सत्ता अधिक दृढ झाली होती. गालिबच्या घराण्याच्या वृत्तान्तानुसार त्याचा चुलता नसरुल्ला बेग खान हा मराठ्यांच्या वतीने आग्र्याचा सुभेदार होता. वडील अब्दुल्ला बेग खान हे अलवारच्या राजाच्या चाकरीत असताना १८०२ मध्ये लढाईत मारले गेले, आणि पोरका असद चुलत्याच्या छत्राखाली आला. पुढच्याच वर्षी, ११ सप्टेंबर १८०३ रोजी, यमुनेपलीकडील पटपडगंजच्या लढाईत जनरल लेकने शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. दिल्ली इंग्रजांकडे गेली, पाठोपाठ आग्राही गेले, आणि नसरुल्ला बेगने इंग्रजांची चाकरी पत्करली. १८०६ मध्ये हत्तीवरून पडून त्याचाही अंत झाला. मराठी वाचकाने हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे की, ज्या निवृत्तिवेतनाच्या प्रश्नाने गालिबचे सारे आयुष्य ग्रासले, त्या प्रश्नाचे मूळ मराठ्यांची सत्ता उत्तरेतून उठली त्या सत्तांतरात होते. वारसांसाठी ठरलेली रक्कम प्रथम वर्षाला दहा हजारांची होती. दुसऱ्या एका आदेशाने ती पाच हजारांवर आली, आणि वाटण्या होऊन गालिबच्या हाती महिन्याला साडेबासष्ट रुपये पडू लागले.

१८१० मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, त्याचा विवाह उमराव बेगम हिच्याशी झाला. फिरोजपूर झिरका आणि लोहारू येथील नवाब अहमद बख्श खान यांच्या धाकट्या भावाची ती कन्या. लग्नानंतर दोनतीन वर्षांतच गालिब दिल्लीस येऊन राहिला. पुढे प्रवासाचा काळ सोडला तर त्याने हे शहर सोडले नाही. मात्र या शहरात स्वतःचे असे घर त्याने कधीच केले नाही. भाड्याच्या एका हवेलीतून दुसरीत, असा त्याचा मुक्काम हलत राहिला, आणि यांतील बहुतेक घरे बल्लीमारान, गल्ली कासिम जान आणि त्यांच्या आसपासच होती.

३

हा परिसर कसा होता हे समजल्यावाचून पुढच्या घटनांचा अर्थ लागणार नाही. शाहजहानने १६३९ मध्ये किल्ल्याचा पाया घातला आणि १६४८ मध्ये तो नव्या राजधानीत राहावयास आला. या शहराला दोनच खरे राजरस्ते होते. एक किल्ल्याच्या लाहोरी दरवाजापासून पश्चिमेस फतेहपुरी मशिदीपर्यंत जाणारा, मधून कालवा वाहणारा, ज्याला पुढे चांदनी चौक हे नाव पडले तो. आणि दुसरा किल्ल्यापासून दक्षिणेस शहराच्या दिल्ली दरवाजाकडे जाणारा फैज बाजार. या दोन रस्त्यांना आणि जामा मशिदीभोवतीच्या बाजारांना लहान रस्ते मिळत, त्यांना कूचे, कूच्यांना गल्ल्या. गल्लीचा शेवट बहुधा एखाद्या हवेलीच्या दारात किंवा भिंतीत होई. झाडाच्या खोडापासून फांद्या आणि फांद्यांपासून डहाळ्या फुटाव्यात, तशी ही रचना होती. एका डहाळीवरून दुसरीवर जायचे तर पुन्हा खोडाकडे यावे लागे. मोहल्ल्याला फाटक असे आणि ते रात्री बंद होई. पुण्याच्या जुन्या पेठांतील आळ्या, बोळ आणि वाडे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना या रचनेची कल्पना सहज येईल. याच शहरातील चावडी बाजाराच्या नावाचे नाते मराठीतील चावडी या शब्दाशी सांगितले जाते, तेही या ठिकाणी नमूद करण्याजोगे आहे.

कागदावर पाहिले तर अशा शहराची जोडणी दुबळीच म्हणावी लागेल. बंद वाटा फार, चौक थोडे. परंतु शाहजहानाबादमधील माणसांची जोडणी दुबळी नव्हती. कारण अंतर लहान होते आणि जाणेयेणे रोजचे होते. मोमिन, मुफ्ती सद्रुद्दीन आझुर्दा, नवाब मुस्तफा खान शेफ्ता, फझले हक खैराबादी, इमाम बख्श सहबाई ही मंडळी एकाच तटबंदीच्या आत, एकमेकांच्या घरी सहज जाता येईल अशा अंतरावर वावरत होती. आज रात्री रचलेली गझल दोन दिवसांत किल्ल्यापासून अजमेरी दरवाजापर्यंत पोहोचत असे, ती छापखान्याच्या साहाय्याने नव्हे तर पायी. गालिबचा उर्दू दिवाण प्रथम १८४१ मध्ये छापला गेला. तोपर्यंत त्याची कीर्ती शहरात केव्हाच पसरलेली होती.

या जोडणीचा दुसरा पैलूही विसरता कामा नये. जी गल्ली माणसाला सांभाळते ती त्याच्यावर नजरही ठेवते. जुगाराचा अड्डा चालविल्याच्या आरोपावरून १८४७ मध्ये गालिबला सहा महिन्यांची शिक्षा झाली, आणि सुमारे तीन महिने त्याने कारागृहात काढले. ही वार्ताही त्याच वाटांनी घरोघर गेली. शेफ्ताने त्याची साथ सोडली नाही. इतर अनेक सुहृदांनी व आप्तांनी मात्र मान फिरविली. सुटकेनंतर तो काले साहेब या सत्पुरुषाच्या हवेलीत राहावयास गेला. फाटकाआडच्या जगाचे प्रेम आणि तिरस्कार हे दोन्ही त्याने असे जवळून अनुभवले होते. त्यामुळे त्याला जुन्या शहराचा भाबडा उपासक समजणे चुकीचे ठरेल.

४

गालिबला दूरच्या वाटांचे आकर्षण होते, हेही येथे सांगितले पाहिजे. निवृत्तिवेतनाचा दावा गव्हर्नर जनरलपुढे मांडण्यासाठी तो कलकत्त्यास निघाला. कानपूर, लखनौ, बांदा, अलाहाबाद, बनारस असा मुक्काम करीत, कधी नावेने तर कधी घोड्यावरून प्रवास करीत, तो फेब्रुवारी १८२८ मध्ये तेथे पोहोचला आणि नोव्हेंबर १८२९ मध्ये दिल्लीस परतला. बनारसने त्याला मोहून टाकले आणि त्या नगरीवर त्याने चिराग-ए-दैर ही फारसी मसनवी लिहिली. दावा पुढे १८३१ मध्ये फेटाळला गेला. परंतु कलकत्त्यातील नवी नगररचना, जहाजे, यंत्रे आणि कारभाराची नवी रीत यांचा ठसा त्याच्या मनावर कायमचा उमटला.

याचे प्रत्यंतर १८५५ च्या सुमारास आले. सय्यद अहमद खान यांनी आईन-ए-अकबरीची आवृत्ती सिद्ध केली आणि गालिबकडे प्रस्तावनापर काव्य मागितले. गालिबने जे फारसी काव्य दिले त्यात अकबराच्या व्यवस्थेचे गुणगान नव्हते. मेलेल्या काळाची पूजा करण्यापेक्षा वाफेवर चालणारी जहाजे आणि तारेने क्षणात जाणारे संदेश यांकडे पाहावे, असा त्याचा आशय होता. सय्यद अहमद नाराज झाले आणि त्यांनी ते काव्य आपल्या ग्रंथात घेतले नाही. ज्या पुरुषाने पुढे आधुनिक शिक्षणाची चळवळ उभारली तो त्या वेळी भूतकाळाकडे पाहत होता, आणि ज्याला आपण ढासळत्या दरबाराचा कवी म्हणतो तो वाफ आणि तार यांची स्तुती करीत होता. वाफेचे हेच यंत्र पुढे बारा वर्षांच्या आत आपल्या शहराच्या तटबंदीतून आत शिरणार आहे याची त्याला कल्पना असणे शक्य नव्हते.

मधल्या काळात दरबाराशी त्याचा संबंध जुळला होता. १८५० मध्ये बहादुरशाह जफरने तैमूरच्या वंशाचा इतिहास लिहिण्याचे काम वार्षिक सहाशे रुपयांवर त्याला दिले आणि किताब बहाल केले. १८५४ मध्ये झौकच्या मृत्यूनंतर तो बादशहाचा काव्यगुरू झाला. बल्लीमारानातून किल्ल्यापर्यंतची वाट आता त्याची नित्याची वाट झाली.

५

११ मे १८५७ रोजी मेरठहून शिपाई आले. चार महिन्यांनी, १४ सप्टेंबर रोजी, इंग्रजी फौज काश्मिरी दरवाजातून शहरात घुसली आणि आठवड्याभरात सारे शहर तिच्या हाती गेले. त्यानंतरच्या दिवसांचा वृत्तान्त गालिबच्या दस्तंबू या फारसी ग्रंथात आला आहे. तो ग्रंथ इंग्रज अधिकाऱ्यांच्या नजरेसमोर ठेवून लिहिलेला असल्यामुळे त्यातील राजकीय मतांना तपासूनच घ्यावे लागते. पण गल्लीच्या वर्णनासाठी तो विश्वसनीय आहे, कारण तेथे खुशामतीला वाव नव्हता.

गल्लीतील लोकांनी तोंडाशी दगड रचून वाट बंद केली. याच गल्लीत पतियाळाच्या महाराजांच्या चाकरीतील हकीमांच्या हवेल्या होत्या. महाराज इंग्रजांच्या बाजूचे होते आणि हकीमांच्या रक्षणाचे वचन त्यांनी आधीच मिळविले होते. त्यामुळे पतियाळाचे पहारेकरी गल्लीच्या तोंडाशी उभे राहिले, आणि सभोवती लूट व कत्तल चालू असताना ही एक गल्ली वाचली. ज्या रचनेला आपण बंद बोळ म्हणून जोडणीचा दोष मानतो, त्या रचनेनेच या प्रसंगी गालिबचे प्राण वाचविले. परंतु त्याच बंदपणाची किंमतही त्याला मोजावी लागली. बाहेर जाता येईना, पाणी संपले. शेवटी पाऊस आला तेव्हा चादर ताणून तिच्यातले पाणी भांड्यांत धरावे लागले. ५ ऑक्टोबरला काही गोरे शिपाई भिंत ओलांडून आत आले आणि त्याला एका इंग्रज कर्नलपुढे घेऊन गेले. चौकशी होऊन तो सुखरूप परतला.

त्याचा धाकटा भाऊ मिर्झा यूसुफ अनेक वर्षे मनोरुग्ण होता. तो वेगळ्या घरात राहत होता, आणि ते घर गालिबच्या घरापासून पायी जाता येईल इतकेच दूर होते. सप्टेंबरच्या अखेरीस त्याचे घर लुटले गेले. ऑक्टोबरच्या १८-१९ तारखेच्या रात्री तो मरण पावला. शहरात कफनाचे कापड मिळेना, गवंडी मिळेना, कबर खणणारा मिळेना. शेजाऱ्यांनी आणि पतियाळाच्या एका शिपायाने साहाय्य केले, घरातील चादरींत देह गुंडाळला आणि जवळच्याच मशिदीच्या आवारात त्याला पुरले. ज्याच्या पायांनी कलकत्ता गाठले होते त्याला आजारी भावाच्या दारापर्यंतची वाट तीन आठवडे बंद झाली होती. शहराच्या जोडणीचा प्रश्न हा अखेर कोणाला कोणाकडे जाता येते याचा प्रश्न असतो, हे या एका मृत्यूइतके दुसऱ्या कशातून स्पष्ट होत नाही.

गालिबचे मित्रमंडळ याच महिन्यांत विस्कटले. कूचा चेलान येथे झालेल्या कत्तलीत सहबाई मारला गेला. फझले हक यांना अंदमानास पाठविण्यात आले आणि तेथेच १८६१ मध्ये त्यांचा अंत झाला. शेफ्ताला कारावास झाला, तो पुढे सुटला. आझुर्दाची मालमत्ता आणि ग्रंथसंग्रह गेला. बादशहा रंगूनला गेला.

६

यानंतर शहराची पुनर्रचना सुरू झाली, आणि ती लढाईपेक्षा अधिक काळ चालली. रहिवाशांना शहराबाहेर घालविण्यात आले होते. हिंदूंना १८५८ मध्ये परतण्याची मुभा मिळाली. मुसलमानांना त्याहून बऱ्याच उशिरा, आणि तीही परवान्यांच्या अटीवर. तोफांना मोकळा मारा मिळावा म्हणून किल्ल्याच्या भिंतीपासून सुमारे साडेचारशे यार्डांचा पट्टा मोकळा करण्याचे ठरले. किल्ल्याच्या आतील बहुतेक इमारती पाडल्या गेल्या. बाहेर खास बाजार, खानम का बाजार, उर्दू बाजार, अकबराबादी मशीद आणि कित्येक हवेल्या नाहीशा झाल्या. जामा मशीद मुसलमानांना १८६२ मध्ये परत मिळाली, परंतु ती आणि किल्ला यांना जोडणारी वस्ती उरली नव्हती. मध्ये मोकळे मैदान होते. शहराचे खोड आणि त्याचे मूळ यांमधील संबंधच तुटला होता.

दुसरा घाव रेल्वेचा. यमुनेवर लोखंडी पूल झाला आणि १ जानेवारी १८६७ रोजी पहिली गाडी दिल्लीत आली. रेल्वे शहराच्या कडेने नेता आली असती; तिला सलीमगडावरून तटबंदीच्या आत आणण्यात आले, आणि शहराचा उत्तर भाग चांदनी चौकाच्या भागापासून वेगळा पडला. या आहनी सडकेसाठी, म्हणजे लोखंडी रस्त्यासाठी, कलकत्ता दरवाजापासून काबुली दरवाजापर्यंतची जागा साफ होत असताना पंजाबी कटरा, धोबीवाडा, रामजीगंज, सआदत खान का कटरा अशी एकेक वस्ती कशी गेली, याची यादीच गालिबने आपल्या पत्रांत दिली आहे. स्थानकासमोर क्वीन्स रोड आणि पलीकडे हॅमिल्टन रोड असे सरळ, रुंद रस्ते झाले. चांदनी चौकाला चावडी बाजाराशी सरळ जोडणारी नई सडक हीसुद्धा त्याच शतकाच्या उत्तरार्धातील निर्मिती होय.

ही प्रक्रिया दिल्लीपुरती मर्यादित नव्हती. लखनौमध्ये १८५८ नंतर लष्करी दृष्टीने असेच रस्ते फोडण्यात आले. त्याच दशकांत ओसमानने पॅरिसच्या जुन्या गल्ल्यांतून राजरस्ते काढले, आणि बोदलेरच्या काव्यात त्या बदलाचे पडसाद उमटले. तौलनिक दृष्टीने पाहता गालिब आणि बोदलेर हे समकालीन होते आणि दोघांच्याही शहरांतून एकाच काळात जुन्या वाटा जात होत्या, ही गोष्ट लक्षणीय आहे. मात्र पॅरिसमध्ये नवे रस्ते त्याच शहराच्या सत्तेने काढले होते. दिल्लीत ते जेत्याने, शहरावरील अविश्वासातून काढले.

नव्या रचनेने जोडणी वाढली की घटली? उत्तर दोन्ही बाजूंनी द्यावे लागेल. दिल्लीहून कलकत्त्यास जाण्यासाठी गालिबला वाटेतील मुक्कामांसह वर्षाहून अधिक काळ लागला होता. आता तीच वाट काही दिवसांची झाली. चौक वाढले, सरळ रस्ते वाढले, माल आणि सैन्य वेगाने फिरू लागले. परंतु कटऱ्यापासून किल्ल्यापर्यंत आणि मोहल्ल्यापासून मोहल्ल्यापर्यंत ज्या आतल्या वाटा होत्या, आणि ज्यांच्यावर एका भाषेचे वाङ्मयीन जीवन उभे होते, त्या तुटल्या. शहर बाहेरच्या जगाला जवळ आले आणि स्वतःपासून दूर गेले.

७

गालिबच्या उर्दू पत्रांचा विचार आता या पार्श्वभूमीवर करता येईल. ही पत्रे अठराशे सत्तावनमधून जन्मली असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. १८५० च्या सुमारासच तो फारसी सोडून उर्दूत पत्रे लिहू लागला होता. १ ऑक्टोबर १८५४ पासून टपालाचा नवा दर लागू झाला आणि पाव तोळ्यापर्यंतचे पत्र, अंतर कितीही असो, अर्ध्या आण्यात जाऊ लागले. म्हणजे साधन आधीच हाती आले होते. गरज मात्र सत्तावननंतर निर्माण झाली, आणि त्याच्या पत्रांपैकी फार मोठा भाग त्यानंतरच्या बारा वर्षांतील आहे.

ज्यांच्याशी संध्याकाळी बोलायचे ते आता निरनिराळ्या गावी होते. मीर मेहदी मजरूह पानिपतला होता. नवाब अलाउद्दीन अहमद खान लोहारूला असे. शेफ्ता जहांगीराबादेस राहू लागला होता. हरगोपाल तफ्ता सिकंदराबादचा, शिवनारायण आराम आणि हातिम अली मेहर आग्र्याचे. यांच्याशी तर मैत्रीचा मुख्य धागा टपालाचाच होता. गालिब घराबाहेर फारसा पडत नसे. निवृत्तिवेतन बंद झाले होते. घरातील कपडे विकून दिवस काढावे लागले होते. १८५९ पासून रामपूरच्या नवाबाकडून महिना शंभर रुपये मिळू लागले आणि १८६० मध्ये निवृत्तिवेतन पुन्हा सुरू झाले, तेव्हा थोडा आधार आला. पावसाळ्यात गळणाऱ्या छपराखाली बसून तो टपालवाल्याची वाट पाहत असे.

या पत्रांचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य म्हणून समीक्षक जे सांगतात ते हेच की, त्यांतून लांबलचक मायने आणि आलंकारिक उपचार गेले आणि बोलणे आले. पत्राचे आपण संभाषण केले, असा गालिबचा स्वतःचाही दावा होता. पत्र एकदम मध्येच सुरू होते, समोरचा बसला आहे असे समजून प्रश्न विचारले जातात, त्यांची उत्तरेही तोच देतो, मध्येच कोणी दारात आल्याचा भास होतो. या शैलीचे श्रेय सामान्यतः त्याच्या विनोदी आणि मोकळ्या स्वभावाला दिले जाते. ते खरेही आहे. पण पुरेसे नाही. ही शैली म्हणजे दारावर थाप मारून आत शिरणाऱ्या शेजाऱ्याची शैली आहे. ती गल्लीची शैली आहे. गल्ली उरली नाही तेव्हा त्याने ती कागदावर वसविली. पत्रांत शहराची जी वार्ता येते, कोण परतला, कोणाचे घर पाडले, कोणत्या विहिरीचे पाणी खारट झाले, ती पूर्वी फाटकाशी उभे राहून सांगितली जाणारी वार्ता होती.

पत्ता लिहिण्याविषयीचा त्याचा आग्रहही या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. आपल्या नावापुढे मोहल्ला आणि गल्ली यांचा तपशील लिहिण्याची आवश्यकता नाही, नाव आणि दिल्ली एवढे पुरे, असे तो मित्रांना कळवीत असे. त्यात कीर्तीचा अभिमान आहे हे उघड आहे. परंतु ज्याचे सारे आयुष्य काही मोजक्या गल्ल्यांत गेले त्याच्या पत्त्यातून गल्ली गळून पडावी, हे त्या शहराच्या नव्या जोडणीचे लक्षणही आहे. टपालाच्या दृष्टीने माणूस आता मोहल्ल्याचा राहिला नव्हता, तो थेट शहराचा झाला होता.

पत्रांचा पहिला संग्रह, ऊद-ए-हिंदी, ऑक्टोबर १८६८ मध्ये मेरठला प्रसिद्ध झाला. दुसरा, उर्दू-ए-मुअल्ला, मार्च १८६९ मध्ये दिल्लीस निघाला. तो पाहावयास गालिब राहिला नव्हता. या दुसऱ्या नावाकडे विशेष लक्ष दिले पाहिजे. उर्दू-ए-मुअल्ला म्हणजे बादशहाची थोर छावणी. हे शाहजहानाबादला अनुलक्षून वापरले जाणारे नाव होते आणि त्यावरूनच भाषेला तिचे नाव मिळाले. उर्दू बाजार उरला नाही तर उर्दू कोठली, अशा अर्थाची खंत गालिबने मजरूहजवळ व्यक्त केली होती. तरीही शहराचे ते नाव अखेर त्याच्याच पत्रांच्या पुस्तकाला लाभले.

८

१५ फेब्रुवारी १८६९ रोजी गालिबचे निधन झाले. दिल्ली दरवाजाबाहेर नमाज झाली आणि शहरापासून दूर, निजामुद्दीन औलियांच्या दर्ग्याजवळ, लोहारू घराण्याच्या कबरस्तानात त्याला पुरण्यात आले. सात अपत्यांपैकी एकही जगले नव्हते. पुत्रवत् मानलेला आरिफ १८५२ मध्येच गेला होता. त्याचे चरित्र १८९७ मध्ये लिहिले ते पानिपतच्या हालीने.

दिल्ली त्यानंतर वाढतच गेली. १९११ मध्ये राजधानी होण्याची घोषणा झाली आणि १९३१ मध्ये नवी दिल्लीचे उद्घाटन झाले. नव्या शहराच्या रेखाटनात जामा मशिदीकडे रोखलेला एक रस्ता होता, पण तो जुन्या शहरापर्यंत कधी पोहोचला नाही. २००५ पासून चांदनी चौक आणि चावडी बाजार या स्थानकांवर जमिनीखालून मेट्रो धावते, आणि २०२१ मध्ये चांदनी चौकाचा मुख्य रस्ता दिवसा मोटारींना बंद करून पुन्हा पायी चालणाऱ्यांकडे सोपविण्यात आला. गल्ली कासिम जानमधील हवेलीच्या एका भागात २००० साली गालिबचे स्मारक झाले. त्याच्या कबरीजवळच सराय काले खान आहे, आणि २०२३ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झालेल्या दिल्ली-मेरठ जलद रेल्वेच्या मार्गावर ते ठिकाण येते.

१९८५ च्या कायद्याने राष्ट्रीय राजधानी क्षेत्र निर्माण झाले. त्याच्या नकाशावर गालिबच्या चरित्रातील गावे शोधली तर एक गोष्ट ध्यानात येते. वडील ज्यांच्या चाकरीत पडले ते अलवार, निवृत्तिवेतनाचे फिरोजपूर झिरका, अलाउद्दीनचे लोहारू, मजरूह आणि हालीचे पानिपत, तफ्ताचे सिकंदराबाद, शेफ्ताचे जहांगीराबाद, पहिला पत्रसंग्रह छापला गेला ते मेरठ, ही सर्व गावे आज त्या क्षेत्रात मोडतात. नियोजनकारांनी रस्ते आणि रेल्वे यांनी जो प्रदेश एकत्र बांधण्याचे योजिले, त्याच्या बऱ्याच भागात गालिबची पत्रे शंभर वर्षांपूर्वीच जातयेत होती. फरक एवढाच की, त्याचा हा विस्तार वाढीतून झाला नव्हता. एका मोडलेल्या शहरातील माणसे जेथे जेथे फेकली गेली तेथे तेथे तो पोहोचत होता. दिल्लीच्या रस्त्यांचा इतिहास लिहिताना या पत्रांना साधनग्रंथांत स्थान दिले पाहिजे, आणि उर्दू गद्याचा इतिहास लिहिताना त्या रस्त्यांना.